अश्विनीचा पिक्चर आणि माझी जळजळ

संपादकांनी फोनवर सांगितलं, "लग्नांच्या गमतीजमती लिहा. तीस वर्षं शूटिंग करताय, काय काय पाहिलं असेल तुम्ही!" पाहिलं पुष्कळ. काळेवाडीत माझा स्टुडिओ आहे, पाटीवर 'गायकवाड' लिहिलेला. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, पुढे काउंटर, मागे पडदा आणि पडद्याआड कॉम्प्युटर. पण लिहायला बसलो की नवरा-नवरी डोळ्यांपुढे येतच नाहीत. येते ती खंडूभाऊंची धाकटी मुलगी अश्विनी, आणि छातीत जळजळ सुरू होते. मग म्हटलं, तेच लिहावं. मला त्या पोरीचा हेवा वाटतो. ती माझ्या मुलीच्या वयाची आहे, मला काका म्हणते, येताना घरून भाजी आणते. तरी वाटतो.

हेवा कशाचा, हे कळायला आधी माझा धंदा समजावून सांगावा लागेल.

लग्नाच्या शूटिंगमध्ये दोनच नियम असतात. एक, ठरलेले क्षण चुकवायचे नाहीत. अक्षता पडतात तो क्षण परत येत नाही. आमच्या बौद्ध लग्नात अंतरपाट नसतो, तिथं हार घालतात तो क्षण. तो हुकला तर मुलीचा बाप तुम्हाला जन्मभर ओळखतो. दुसरा नियम, कुणाला नाराज करायचं नाही. प्रत्येक मामा, प्रत्येक आत्या एकदा तरी दिसली पाहिजे, आणि चांगली दिसली पाहिजे. पिंपळे सौदागरच्या एका घरात लग्नानंतर दोन भावांचं बिनसलं. थोरला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "धाकट्याला सगळीकडून काढा." मी काढला. जिथं निघेना तिथं त्याच्या तोंडावर फुलांचा गुच्छ चिकटवला. वर्षभरानं दोघांचं गोड झालं आणि थोरला परत आला, "काका, त्याला आत घ्या." घेतला. दुसऱ्या एका वरमाईनं स्वतःच्या प्रत्येक शॉटमध्ये रंग उजळ करून घेतला, इतका, की तिच्या नवऱ्यानं टीव्हीवर बघून विचारलं, ही कोण?

हे सगळं मी इमानानं केलं आणि चांगलं केलं. पिंपरी-चिंचवडमध्ये माझा हात स्थिर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. गर्दीत धक्के बसतात, लहान पोरं पायात येतात, पण माझी फ्रेम हलत नाही. तरी लोक ते शूटिंग एकदा बघतात, पाहुणे आले की थोडं लावतात आणि मग ते कपाटात जातं. शूटिंग कुणी केलं, हे कुणी विचारत नाही. मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. अश्विनी येईपर्यंत.

खंडूभाऊ चाकणकडचे, जुन्या गावातले. त्यांची जमीन कंपन्यांमध्ये गेली आणि ते कंपनीच्या बसवर ड्रायव्हर झाले. पूर्वी सुट्टीच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्या चालवायचे, तिथली आमची ओळख. त्यांची धाकटी अश्विनी लहानपणापासून काळेवाडीत मामाकडे राहून शिकली, माझ्या गाळ्यामागच्या गल्लीत. पुढे एका ऑफिसात जाहिरातींचे व्हिडिओ कापायला लागली. एके दिवशी गाळ्यात येऊन म्हणाली, "काका, कॉलरचा माइक भाड्यानं द्याल? पिक्चर करतेय."

"कसला पिक्चर?"

"चाकणच्या पुढं भाडेकरूंच्या खोल्या आहेत ना, तिथल्या मुलींवर. दहावी झाली की घरी बसतात सगळ्या. का बसतात ते विचारायचंय."

मला हसू आलं. म्हटलं, "का बसतात ते सगळ्यांना माहीत आहे. घरचे बसवतात."

"सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांना कुणी विचारलेलं नाही," ती म्हणाली.

मी माइक दिला, आणि माइक हरवेल असं कारण सांगून माझा कॅमेरा घेऊन बरोबर गेलो. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की हिला जमत नाही.

त्या खोल्या एका रांगेत आहेत. परभणी, हिंगोलीकडून आलेली कुटुंबं. बाप कुठल्यातरी कंपनीत कंत्राटावर, आई पॅकिंगला किंवा घरकामाला. तिथं पूजा नावाची मुलगी होती. नुकतीच दहावी झालेली, चांगल्या मार्कांनी, आणि धाकट्या भावाला सांभाळत घरी बसलेली. मी गेल्या गेल्या ट्रायपॉड लावला. सकाळचं ऊन दारातून तिरपं येत होतं. असा उजेड मंगल कार्यालयात पैसे देऊन मिळत नाही. मी अश्विनीला म्हटलं, "चल, सुरू कर. ऊन जाईल."

ती सुरूच करेना. कॅमेरा बंद ठेवायला सांगितला आणि पूजाच्या आईजवळ जाऊन बसली. ती बाई भाकऱ्या थापत होती, ही शेगडीवर भाजायला लागली. कुठल्या गावच्या, इकडं कधी आलात, गावाकडं पाऊसपाणी कसं आहे, असल्या गप्पा. दारातलं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून निघून गेलं. मी ट्रायपॉडशी उभा राहून धुमसत होतो. आणि मग त्या बाई भाकरी उलटता उलटता स्वतःहूनच बोलायला लागल्या. अश्विनीनं माझ्याकडं नुसतं बघितलं, तेव्हा मी कॅमेरा सुरू केला.

"मला काय वाटत नसंल का हो ताई, पोरगी शिकावी म्हणून? कॉलेज तिकडं चाकणात. रोडनं नुसते कंटेनर. तिच्या वर्गातली एक पोरगी मागच्या साली सायकलवर चालली होती, ट्रेलरनं उडवली. वाचली, पण पायानं गेली. रिक्षात बसवावं तर शिफ्ट सुटल्यावर रिक्षात माणसंच माणसं. हिचा बाप म्हणतो, पोरगी जित्ती पाहिजे का शिकलेली? आता मी काय म्हणावं?"

पूजा भावाला मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "दोन्ही."

आईनं वर बघितलं. मी तीस वर्षांत हजारो बायकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरला असेल. माझ्यासमोर एकीनंही असं काही बोललेलं नाही. हेव्याची पहिली कळ मला तिथं आली, भाकरीच्या वासात.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यावर गेलो. पूजाच्या मागच्या वर्गातल्या चार-पाच मुली शाळेला चालत निघाल्या होत्या, डांबराच्या कडेला, दप्तरं छातीशी धरून. शेजारून गाड्या वाहून नेणारे लांबच्या लांब ट्रेलर जात होते. मुलींच्या ओढण्या एका बाजूला उडायच्या. तेवढ्यात एक पांढरी बस आली आणि गेली. पूर्ण रिकामी. मग दुसरी, तीही रिकामी. कंपनीच्या बसेस पहिल्या शिफ्टचे कामगार गेटवर सोडतात आणि त्याच रस्त्यानं चाकणात उभ्या राहायला जातात. मी हा रस्ता लग्नाच्या सामानासकट शेकडो वेळा तुडवला होता. अश्विनी रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "काका, मुली चालतायत आणि बाजूनं रिकामी बस जातेय, हा आपला पिक्चर आहे."

तिसरी बस आली. ड्रायव्हरनं आम्हाला बघून हॉर्न वाजवला. खंडूभाऊ होते.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. "कंत्राटदार ठिवंल का मला? बसची पाटी दिसली की कळलंच त्याला. अजून हप्ता चाललाय घराचा."

"आबा, तुमची बस नाही दाखवत. दुसरी दाखवते."

"मग दुसऱ्याचा बाप घरी बसंल."

मला वाटलं, संपला पिक्चर. आणि कबूल करतो, थोडं बरंही वाटलं. पण ती उठली नाही. बापाच्या पायाशी बसून विचारलं, "आबा, तुम्ही बस चालवता तेव्हा त्या पोरी दिसतात का तुम्हाला?"

खंडूभाऊ उठून दारापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "उद्या बसमधी ये. गायकवाडांना बी आन."

सकाळी कामगार उतरल्यावर आम्ही गेटच्या पुढं बसमध्ये चढलो. मी ड्रायव्हरच्या बाजूला, अश्विनी मागच्या सीटवर. त्यांनी बस रस्त्याला लावली आणि समोर बघत बोलायला लागले. तिनं प्रश्न विचारलाच नाही.

"माझी थोरली सुनीता. गावात शाळा सातवीपतुर. सातवीत पयली आली हुती. हायस्कूल हायवेच्या पल्याड. पोरगी रडली, न्हाई म्हनत न्हाई मी. पन मी भ्यालो. रोजचा तो रोड वलांडायचा, मानूस बघत न्हाईत लोकं. म्हनलं, बास झाली शाळा. धाकटीच्या येळंला शानपन आलं, तिला मामाकडं धाडली. थोरलीला कुटं धाडायचं सुचलंच न्हाई." पुढं मुली दिसल्या. त्यांनी बस हळू केली. "आन आता मी रोज ह्याच रोडनं चाळीस शिटा मोकळ्या घिऊन जातो. ह्या पोरी बाजूनं चालतात. दिसतात, व्हय, दिसतात. दिसनार न्हाईत का?"

माझी फ्रेम हलली. तीस वर्षांत पहिल्यांदा. अश्विनीनं नंतर तो हललेला तुकडा तसाच ठेवला. मी तो स्थिर करून देतो म्हणालो, कॉम्प्युटरवर ते जमतं. ती म्हणाली, "नको काका, बस आहे ती, हलणारच." मला त्याचाही राग आला.

पिक्चर जुळवून झाला तसा तिनं तो आधी त्या खोल्यांपाशीच दाखवायचा ठरवला. रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात पांढरा पडदा बांधला. बाया, पोरं, सुट्टीवरचे पुरुष, सगळे जमले. खंडूभाऊ आले. सुनीताही आली, तिच्या मुलीला घेऊन. सुनीता शेजारच्या गावात दिलेली, एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम करते. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. दिसायला अश्विनीसारखीच, फक्त दमलेली.

पूजाचं "दोन्ही" आलं तेव्हा बायकांमधून आवाज उठला. रिकामी बस गेली तेव्हा पुरुषांमधून. लोक पडद्याशी बोलत होते. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि मला कळत होतं की माझ्या एकाही कामासमोर कुणी असं बसलेलं नाही. मग खंडूभाऊ पडद्यावर आले. "माझी थोरली सुनीता," ते म्हणाले. आणि सुनीता उठली, मुलीचा हात धरला आणि बाहेर गेली.

पिक्चर संपल्यावर टाळ्या पडल्या. अश्विनी टाळ्यांकडं न बघता बाहेर धावली. मी मागोमाग गेलो. सुनीता पाण्याच्या टाकीपाशी उभी होती.

"ताई, काय झालं?"

"काय झालं विचारतीस? एवढी वर्षं झाली, आबांनी एका शब्दानं मला कधी सांगितलं न्हाई, की चुकलं माझं. आन सांगितलं ते कुणाला? ह्या गायकवाडांच्या कॅमेऱ्याला. मी समोर हाय ना जित्ती. मला बसवून सांगता आलं नसतं?"

खंडूभाऊ दारात येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. ते पुढं आले. टोपी काढून हातात धरली, बस्स.

"मी काढून टाकते ताई," अश्विनी रडायला लागली होती. "तो सगळा भाग काढते. मी आधी तुला विचारायला पाहिजे होतं."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो. मला वाटलं, चला, हिचंही चुकतं. आणि त्याच क्षणी वाटलं, तो भाग गेला तर पिक्चरमध्ये उरतं काय? मी मध्येच बोललो, "अगं, तो काढू नकोस. तेवढंच तर..." सुनीतानं माझ्याकडं असं बघितलं की मी वाक्य गिळलं.

मग ती अश्विनीला म्हणाली, "काढू नको. लोकांनी बघू दे. पन त्यांचं घेतलंस तसं माझं बी घे. त्यांना काय वाटतं ते लोकांनी ऐकलं. मला काय वाटलं ते कुणी ऐकायचं?"

तो भाग मी घेतलेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पिंपळे सौदागरला साखरपुडा होता. मी अश्विनीला म्हटलं, दोन दिवस थांब, मी येतो, चांगला लाइट लावून घेऊ. ती थांबली नाही. सुनीताच्या घरी गेली आणि मोबाइल भांड्यांच्या मांडणीला टेकवून ठेवला. मागून खिडकीचा उजेड, त्यामुळं चेहरा अर्धा काळा. मध्येच कुकरची शिट्टी होते. सुनीताचं अर्धं डोकं फ्रेमच्या बाहेर. माझ्या हाताखालच्या माणसानं असं काही आणलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

सुनीता त्यात म्हणते, "लोकं विचारतात, आता शीक की, आता काय वय झालंय का. न्हाई. मला आता शिकायचं न्हाई. माझी पोरगी शिकतीय, तिची शाळा मी एक दिस चुकवू देत न्हाई. पन तवा मला शिकायचं हुतं. गणित आवडायचं. शाळा सुटल्यावर मी वर्षभर दप्तर भरून ठिवत हुते, आबांचं मन बदललं तर उशीर नगं म्हनून. मग आईनं त्याच्यात लसूण ठिवला." एवढं बोलून ती हसते, आणि मग हसणं थांबतं. पिक्चर तिथंच संपतो.

अश्विनीनं तो मला माझ्याच गाळ्यात, माझ्याच कॉम्प्युटरवर दाखवला. मी पडद्याआडून उठून बाहेर आलो आणि गिऱ्हाईक नसताना काउंटर पुसला. हे मला येत नाही. माझं वय, माझे तीन कॅमेरे, माझा स्थिर हात, सगळं असून येत नाही. आणि हिला भांड्यांच्या मांडणीवर मोबाइल ठेवून येतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. पिक्चर मोबाइलवरून फिरला. बसची पाटी कुठंच नव्हती, पण खंडूभाऊंचा चेहरा होता. तो दाखव म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. "तोंड लपवून बोललो तर खोटं वाटंल," म्हणाले होते. कंत्राटदारानं त्यांना बोलावून सांगितलं, काही दिवस येऊ नका. खंडूभाऊ घरी बसले. अश्विनी त्या दिवसांत माझ्याकडं यायची आणि नुसती बसायची. मी चहा मागवायचो. धीर द्यायला मला शब्द सुचायचे नाहीत, कारण माझ्या मनात काय काय चाललंय ते मला माहीत होतं.

मग तिला पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत पिक्चर दाखवायला बोलावलं. महिला मंडळाचा कार्यक्रम होता. संपल्यावर सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. एक मात्र खुर्चीवरून उठली नाही. त्या बाई चाकणच्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या साहेब निघाल्या. बसवर पाटी नसली तरी त्यांनी गेट ओळखलं होतं. त्यांच्याच कंपनीचं. त्या अश्विनीला एवढंच म्हणाल्या, "मी रोज त्या गेटमधून आत जाते."

वरच्या लोकांशी त्या कशा बोलल्या ते मला माहीत नाही. विमा, परवानगी, जबाबदारी कुणाची, अशा पुष्कळ अडचणी निघाल्या म्हणे. पण पुढच्या वर्षी शाळा-कॉलेजं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी एक बस त्या खोल्यांपाशी थांबायला लागली. कंपनीनं बसमध्ये एक महिला सुरक्षारक्षक दिली. पहिल्या दिवशी बस आली आणि एकही मुलगी चढेना. आया अडून बसल्या होत्या. नवीन ड्रायव्हर होता. पूजाच्या आई म्हणाल्या, "हा कोण माहीत न्हाई आम्हाला. तो पिक्चरमधला बाबा असंल गाडीवर तर पाठवू." त्या तशा अडून राहिल्या नसत्या तर खंडूभाऊंना कुणी परत बोलावलं नसतं. दोन दिवसांनी बस घेऊन तेच आले. पूजा अकरावीला गेली. पायानं गेलेली ती मुलगीही, मैत्रिणींचा हात धरून बसमध्ये चढते. सगळ्या मात्र जात नाहीत. दोघींची लग्नं त्याआधीच ठरली होती, ती झाली.

सुनीता आणि खंडूभाऊ एकमेकांशी काय बोलले ते मी विचारलेलं नाही. अश्विनीनं विचारलं असावं. तिनंही मला सांगितलं नाही, आणि त्याचा पिक्चर केला नाही.

आता अश्विनीला कुठून कुठून बोलावणी येतात. कॉलेजांमध्ये, दुसऱ्या गावांमध्ये, परवा तर विमानानं गेली. मुलींच्या शाळेवर ती बोलते आणि पिक्चर दाखवते. शेवटी नावं येतात तिथं माझंही नाव येतं, कॅमेरा म्हणून. त्यामुळं मला लग्नाची कामं वाढली. लोक येतात आणि म्हणतात, "त्या पिक्चरवाले तुम्हीच ना?" मान ताठ होते. आणि ते पुढं म्हणतात, "ती मुलगी किती हुशार आहे हो!" मी हो म्हणतो आणि तारखांची वही उघडतो.

मागच्या महिन्यात ताथवड्याच्या एका कॉलेजात तो पिक्चर दाखवला तेव्हा मीही गेलो होतो. संपल्यावर एक प्राध्यापक मला शोधत आले. डोळे ओले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तो शेवटचा भाग, ती बहीण बोलते तो, तो तुम्हीच घेतलाय ना? काय घेतलाय हो तुम्ही!"

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. कुणाला कळलं नसतं. अश्विनी लांब मुलींच्या घोळक्यात उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "तो तिनं घेतलाय. मोबाइलवर."

ते अश्विनीकडं बघायला लागले, बघतच राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "पण फोकस गेलाय त्यात. आणि डोकं कापलंय बाईंचं अर्धं, बघितलंत ना?"

ते माझ्याकडं वळले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते.

"कुठं?" म्हणाले.